रिसीव्ह्ड सर, थँक यू

"साहेब, पाय खाली घ्या. तिले मागून हवा लागते," धम्मदीपा म्हणाली.

मॅनेजर शालिग्रामसाहेबांनी पाय खाली घेतले नाहीत. काळ्या अलमारीच्या जाळीवर टेकवलेल्या मोज्यांतली बोटं तेवढी हलवली आणि मांडीवर पन्नीतला खर्रा घासणं चालूच ठेवलं. मे महिन्यात अख्ख्या सोयाबीन प्लान्टमध्ये बसण्यासारखी जागा ही एकच, कारण एसी याच खोलीला. तो माणसांसाठी नव्हता, अलमारीसाठी होता. पण उन्हाळा लागला की माणसं अलमारीच्या नावाने गारवा खायची. कोणी डुलकी काढायला यायचं, कोणी पोरीच्या लग्नाची बोलणी फोनवर करायला यायचं, एकदा तर अकाउंटवाल्यांनी बासुंदीचं पातेलं आणून ठेवलं होतं. धम्मदीपाला हे सगळं चालायचं. मॅनेजरसाहेबांचे मोजे चालायचे नाहीत. तो वास चुना-तंबाखूच्या वासात मिसळायचा, आणि साहेब उठून गेल्यावरही तो वास बराच वेळ खोलीत बसून राहायचा.

अलमारी म्हणजे प्लान्टचा कॉम्प्युटर. जऊळक्याच्या स्टेशनापुढच्या माळावर प्लान्ट उभा राहिला तेव्हा जुन्या शेठजींनी तो हौसेने आणला होता. टेबलावर मावणारा नव्हे, चांगला कपाटाएवढा. पडद्यावर काळ्यावर हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही. नवीन भरती झालेली पोरं ते पाहून हसायची. पण काट्यावरची वजनं, ढेपेची बिलं, हजेरी, पगार असं सगळं तिच्या पोटात होतं आणि ती कधी अडून बसली नव्हती. शेठजी गेले, त्यांच्या मुलांनी प्लान्ट बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला विकला, गेटवरची पाटी बदलली, साहेब बदलले. अलमारी राहिली, आणि तिच्यासोबत धम्मदीपा राहिली.

त्या म्हाताऱ्या यंत्राला पूर्वी मेल पाठवता यायचा नाही. ते त्याला धम्मदीपाने शिकवलं. पुण्याच्या एका जाणत्या माणसाला फोनवर धरून, त्याचा वैताग सोसून शिकवलं. हिरव्या पडद्यावर लांबलचक ओळ लिहायची: कोणाला, विषय काय, मजकूर काय, सोबत कोणती फाइल जोडायची. फाइल आधी ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची आणि तिचं नाव शेपटासकट अचूक द्यायचं, नाहीतर पलीकडच्याला काही केल्या न उघडणारा गोळा मिळायचा. पहिलं पगारपत्रक अलमारीतून निघून मुंबईच्या ऑफिसात नीट उघडलं, तेव्हा तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं. संघदीप केनवडच्या विनाअनुदानित शाळेत मास्तर. मास्तरकी होती, पगार नव्हता. घर धम्मदीपाच्या पगारावर चालायचं. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, तरी शालिग्रामसाहेबांना ती पक्की ठाऊक होती.

"एक मेल टाकाची हाये," साहेब म्हणाले. "बारदान्याच्या शेडमधल्या सगळ्या बायांले. संग एक पीडीएफ जोडाचं. तुमच्या ह्या डब्यातूनच टाका, लॅपटॉपवरून नाई. वकील म्हन्ते, याच्यात कवा काय गेलं थे कोनाले खोडता येत नाई. पुरावा म्हनून चालते."

कोणतंही पीडीएफ जोडण्याआधी ते उघडून पाहायचं ही धम्मदीपाची सवय होती. एकदा अकोल्याच्या व्यापाऱ्याला बिलाऐवजी कोरा कागद गेला होता आणि नाचक्की तिची झाली होती. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण तिने उघडलंच. पत्र इंग्रजीत होतं. फाटक्या पोत्यांना ठिगळं लावणाऱ्या आणि भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बायांचा हा विभाग इथून बंद होत आहे. त्यांची बदली समुद्राकाठच्या प्लान्टमध्ये करण्यात आली आहे. पंधरा दिवसांत तिथे हजर व्हावं. जी हजर होणार नाही, तिने स्वखुशीने नोकरी सोडली असं धरलं जाईल.

स्वखुशीने. धम्मदीपाने तो शब्द पुन्हा वाचला. कामावरून काढलं तर कायद्याने काहीतरी द्यावं लागतं. बाई आपल्या खुशीने गेली तर हात झटकता येतात. एवढं समजायला वकील लागत नाही.

मग तिने पत्ते पाहिले आणि खरी गोम तिच्या ध्यानात आली. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदात ई-मेलचा रकाना आला होता, तेव्हा टाइम ऑफिसच्या रवीने एका दुपारीत शेडमधल्या सगळ्या बायांचे ई-मेल प्लान्टच्याच नावावर उघडून टाकले होते. पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही रवीच्या ड्रॉवरमध्ये. बायांनी कोणी सही केली, कोणी अंगठा दिला, आणि आपल्याला ई-मेल नावाची काही वस्तू मिळाली आहे हे संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या. तेव्हापासून ते मेलचे डबे कोणी उघडले नव्हते.

"हे तं कोनी पाह्यतच नाई साहेब. बायांले समजन कसं?"

"समजाचं काय काम हाये? पोचलं पायजे." साहेबांनी खर्रा गालात सारला. "या खिशातून काढाचं अन् त्या खिशात टाकाचं. पंधरा दिवसानं शेडले कुलूप."

थुंकायला जागा दिसेना म्हणून त्यांनी तिच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली पायाने ओढली आणि तिच्यात पिचकारी मारली. लाळेची एक तार हनुवटीवर राहिली. ती मनगटाने पुसून त्याच हाताने त्यांनी कीबोर्डवर टिचकी मारली. "आजच्या आज, मॅडम."

ते गेल्यावर धम्मदीपाने टोपली बाहेर नेऊन ठेवली. ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला, मग साबण लावून पुसला. तरी हात लावायची इच्छा होईना. तिला किळस आली होती, आणि ती नुसती थुंकीची नव्हती. इतकी वर्षं ज्या यंत्राला तिने लेकरासारखं बोट धरून चालवलं, त्याच्याकडून हे काम करून घ्यायचं होतं. बरं, नाही म्हणावं, तर ती ओळ लिहायला रवी एका दिवसात शिकला असता आणि घरी बसायची पाळी तिची आली असती. बायांना जाऊन सांगावं, तर कोणी सांगितलं हे संध्याकाळच्या आत साहेबांच्या कानावर गेलं असतं.

विचार करता करता तिला वाट सापडली. कामगाराला आपला पत्ता, फोन, ई-मेल कधीही बदलून घेता येतो, आणि तो बदल अलमारीत भरायचं काम तिचंच होतं. बायांकडून घरचे खरे ई-मेल घ्यायचे, रीतसर भरायचे आणि मेल सांगितल्याप्रमाणे आजच्या आज पाठवायचा. पत्र आपोआप बायांच्या घरात जाऊन पोचेल. आपण तोंड उघडलं असं कोणी म्हणणार नाही, आणि बायाही अंधारात राहणार नाहीत. हा विचार तिला इतका आवडला की त्याला दुसरी बाजू असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन ती शेडमागच्या निंबाखाली गेली. ती रोजच तिथे जेवायची. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर तिला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण ती बसली की डबे जरा सरकायचे; निंबाखाली कोणी सरकत नसे. पंचफुलाबाई राठोड तिथली सगळ्यांत जुनी. तांड्यावरून पहाटे निघून यायची. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, दर वर्षी पोरांना बैलगाडीत घालून मुलूख सोडायची. ही शेड मिळाली तेव्हा तिचा तो वनवास सुटला. पोरं एका जागी शिकली, आता नात तालुक्याच्या शाळेत जात होती. सुतळी ओवलेला दाभण तिच्या हातात इतका सराईत चालायचा की पोत्याचं तोंड शिवताना ती खाली पाहायची नाही, बोलत असायची.

धम्मदीपाने सांगितलं की ऑफिसच्या कामासाठी घरचा ई-मेल पाहिजे, पोरांच्या फोनवरचा चालेल. बायांनी फार विचारलं नाही. इतकी वर्षं तिने त्यांचे पगार चुकू दिले नव्हते. ती मागते आहे म्हणजे काही कामाचंच असणार. पंचफुलाबाईने नातीला फोन लावून दिला. सुलतानबीने आपल्या मुलीचा, सबिहाचा, पत्ता दिला. सबिहा वाशीमच्या कॉलेजात होती. कोणी भाच्याचा दिला, कोणी शेजारच्या पोराचा. एक जण म्हणाली की दिवाळीचं काही येणार असेल, आणि बाकीच्या हसल्या. धम्मदीपाही हसली. पंचफुलाबाईच्या डब्यातली भाकर तिने त्या दिवशी जास्तच खाल्ली, कारण न खाता तिच्याकडे पाहणं जड जात होतं.

परत येऊन तिने पत्ते बदलले, पीडीएफ जागेवर ठेवलं, ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. एकेक नाव हिरव्या अक्षरांत उमटत वर सरकत गेलं. एकही अडलं नाही. बसने घरी जाताना तिला आपण फार हुशारीने सुटलो असं वाटत होतं.

सकाळी ऑफिसात येऊन तिने मेल उघडला. रात्रीतून उत्तरं आली होती. अलमारीतून गेलेल्या मेलला कोणी उत्तर दिलं की ते तिच्याच नावावर यायचं. पण आजवर कोणी दिलं नव्हतं. आता रांगच लागली होती आणि सगळ्यांत मजकूर एकच होता. रिसीव्ह्ड सर, थँक यू. कोणी त्याखाली हात जोडले होते, कोणी फूल टाकलं होतं.

लॉकडाउनमध्ये या पोरांची शाळा फोनवर भरली होती. मास्तर पीडीएफ पाठवायचे आणि ते मिळालं की खाली लगेच हे लिहायचं, न लिहिलं तर हजेरी लागत नसे. पोरांच्या बोटांना ते वळण पडून गेलं होतं. घरी पीडीएफ आलं, ऑफिसातून आलं, इंग्रजीत आलं. पोरांनी वाचण्याआधी पोच दिली, आणि वाचलं कोणी नाहीच. वाचलं ते एकट्या सबिहाने, तेही आधी थँक यू लिहून झाल्यावर. मग ती रडत आईपाशी गेली, आणि सुलतानबीने उजाडायच्या आत सगळ्यांना फोन लावले.

बाया शेडमध्ये न जाता ऑफिसच्या दारात उन्हात उभ्या होत्या. शालिग्रामसाहेब लालबुंद होऊन मशीनच्या खोलीत शिरले. बायांना कळलं कसं, पत्ते कोणी बदलले, असं त्यांनी दार न लावताच विचारलं. धम्मदीपाने आदल्या दिवशी बसमध्ये हेच उत्तर घोकून ठेवलं होतं. बायांनीच दिले, नियमात बसतं म्हणून भरले, मेल तुम्ही म्हणालात तेव्हाच पाठवला. बोलताना तिचा आवाज कापला नाही. साहेबांनी दात खात वकिलाला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, बहुधा तिला ऐकवण्यासाठीच.

वकिलाने सगळं ऐकून घेतलं. उत्तरं आली आहेत का, ते विचारलं. काय आली आहेत, ते वाचायला लावलं. साहेबांनी अडखळत दोन-तीन वाचली. मग फोनमधून हसू आलं.

"अहो, मला हीच एक धाकधूक होती," वकील म्हणाला. "आपलीच नोटीस आपल्याच पत्त्यावर पाठवलेली, लेबर ऑफिसात कोणीही उडवून लावली असती. आता बायांनी स्वतः पत्ते दिलेत आणि वर पोचही दिली आहे. यापेक्षा पक्कं काय पाहिजे? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

शालिग्रामसाहेबांचा चेहरा बघता बघता बदलला. त्यांनी धम्मदीपाकडे पाहिलं, आणि त्यांच्या खर्ऱ्याने रंगलेल्या दातांची अख्खी रांग दिसली.

"आमच्या मॅडमच्या," ते म्हणाले.

नंतर त्यांनी तिच्यासाठी थंड मागवलं. कंपनीच्या ग्रुपवर तिचं नाव टाकलं, खाली अंगठ्यांची ओळ लागली. सगळी उत्तरं छापून द्यायला सांगितली, आणि तिने ती छापली. प्रिंटरमधून एकेक कागद बाहेर येत होता, प्रत्येकावर हात जोडलेले. थंडाची बाटली घेऊन ती मोरीपाशी गेली आणि ओतायला वाकली, तर मोरीत कोणाच्या तरी खर्ऱ्याचा तपकिरी थर वाळला होता. तिथेच तिला उलटी झाली. तोंड धुताना आरशात पाहायचं तिने टाळलं. साहेबांची घाण साबणाने जाते, हे तिला कालच कळलं होतं. आज ती कशाने धुवायची, हे तिला कळेना.

बाया वाशीमला लेबर ऑफिसात जाऊन आल्या. तिथल्या अधिकाऱ्याने कागद त्यांच्यापुढे धरून विचारलं की हे उत्तर तुमच्याच घरून आलं ना. नाही कसं म्हणणार? समुद्राकाठी जावं, तर तिथे राहायचं कुठे, पोरांच्या शाळेचं काय, आणि तिकडे शिवायला पोती तरी आहेत का, हे कोणी सांगेना. अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली, सुनावणीची तारीख दिली. तारखेच्या आधीच पंधरा दिवस संपत होते. सबिहाने आईशी बोलणं सोडलं होतं. इंग्रजी वाचता येत असून आधी पोच दिली, सगळ्यांची भाकर मीच घालवली असं तिने मनाशी धरलं होतं. सुलतानबी हे निंबाखाली सांगत होती तेव्हा धम्मदीपाने हातातला घास डब्यात परत ठेवला. सबिहाचं काही चुकलं नाही, हे तिथे बसलेल्यांत एकीलाच माहीत होतं.

शेडच्या शेवटच्या दिवशी सुलतानबी आली नाही. बऱ्याच जणी आल्या नाहीत. निंबाखाली पंचफुलाबाई एकटीच डबा उघडून बसली होती. धम्मदीपा तिच्यासमोर बसली. तिने डबा उघडला नाही.

"मावशी, पत्ते मी बदलले," ती म्हणाली. "थे पत्र आधी रवीनं उघडलेल्या ई-मेलवर जानार होतं. तिकडंच गेलं असतं तं लेबर ऑफिसात टिकलं नसतं. मी घरचे पत्ते घेतले म्हनून टिकलं. सबिहाचा काही दोष नाई."

पंचफुलाबाई भाकर मोडता मोडता थांबली. "तुले मालूम होतं? पत्रात काय हाये थे?"

"हाव."

"त्या दिवशी इथं बसली होती, पत्ते मांगून राह्यली होती, तवाबी?"

"हाव."

"माही भाकर खाल्ली तवाबी?"

धम्मदीपाने मान डोलावली.

"मंग तोंडानं काहून नाई सांगतलं, बाई?" पंचफुलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "आमी पत्तेच देल्ले नसते."

धम्मदीपाला उत्तर पाठ होतं. घर माझ्या पगारावर चालतं, साहेबांना कळलं असतं, नियमात बसेल असंच करायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी या झाडाखाली बसून ती एवढंच बोलली असती, की मावशी, शेड बंद होऊन राह्यली, पत्ते देऊ नका, तर काम झालं असतं. एवढं वाक्य बोलायचं सोडून तिने त्याला पीडीएफ जोडून पाठवलं होतं.

पंचफुलाबाईने फडक्यातला कांदा काढला, दगडावर ठेवून मुठीने फोडला आणि त्यातला अर्धा धम्मदीपाच्या बंद डब्यावर ठेवला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला नव्हता. तरी ती उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि उरलेली पोती शिवायला शेडमध्ये गेली.